बंबाचे हात

तोकुनागासान आमच्या स्टुडिओतले सगळ्यात नावाजलेले चित्रकार. माझ्या यंत्राचं पहिलं चित्र बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कुवाबारासान, हा आंघोळीचा बंब कुणाच्या घरचा?" सगळे हसले. मीही हसले, पण आतून जळफळाट झाला होता. त्या बंबासाठी मी सहा वर्षं वाट बघितली होती.

आमचा स्टुडिओ नेरिमात, कोबीच्या शेताला लागून असलेल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर होता. पाच माणसं, पाच मेजं, मधोमध रॉकेलची शेगडी आणि तिच्यावर सदा खदखदणारी किटली. टीव्हीवरच्या मालिकांत माणसासारखी उभी राहणारी, पोटात पायलट घेऊन तारे तुडवत जाणारी जी अवाढव्य यंत्रं दिसतात, त्यांचे आराखडे आम्ही काढायचो. समोरून, मागून, बाजूने, दार उघडं, दार बंद. आमचं काम तिथे संपायचं. ते कागद मग दुसऱ्या एका कंपनीत जायचे आणि तिथली माणसं ते यंत्र हलवायची. ती कंपनी एका टोफूच्या दुकानावर होती, म्हणून आम्ही त्यांना टोफूवालेच म्हणायचो.

हलवायची म्हणणं सोपं आहे. यंत्राने हात वर केला, तर मुख्य चित्रकार पहिलं चित्र काढतो आणि शेवटचं काढतो. मधली दहा-बारा दुसऱ्या कुणीतरी काढायची. एका भागाला तीन-चार हजार चित्रं लागतात. आम्ही इकडे शेगडीजवळ बसून यंत्राच्या छातीवर सहज एक रेष वाढवली, की तिकडे कुणीतरी ती हजारदा ओढत बसतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मला हे पुरतं ठाऊक होतं, कारण मी टोफूवाल्यांकडूनच आले होते. सात वर्षं मी ती मधली चित्रं काढली. शेवटी उजवं मनगट असं सुजलं की काड्यांनी भात उचलता येईना. डॉक्टर म्हणाले, एक तर काम सोडा, नाहीतर हाताची आशा सोडा. मी काम सोडलं. माझ्या शेजारी बसणारी मित्सुए तिथेच राहिली, आणि तिला तिथे टाकून आल्याचं मला सहा वर्षं टोचत होतं.

इवाकिरीसानांनी मला ठेवून घेतलं ते इतरांच्या कच्च्या चित्रांवरून स्वच्छ रेषा ओढायला. सावकाश करायचं काम, मनगटाला झेपणारं. इवाकिरीसान आमचे मालक. तरुणपणी ते पॉवर टिलरच्या कंपनीत माहितीपत्रकांसाठी चित्रं काढायचे, त्यामुळे कुठल्याही अंतराळयंत्राकडे बघून त्यांचा पहिला प्रश्न असायचा, याला तेल कुठून घालायचं. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते तिरकस.

त्या वर्षी ऑक्टोबरात नव्या मालिकेचं काम आलं. भरकटलेल्या अंतराळजहाजांतली माणसं वाचवून आणणारं एक यंत्र हवं होतं. इवाकिरीसानांनी सगळ्यांदेखत सांगितलं, हे कुवाबारा काढेल. टोफूवाल्यांनी घेतलं तर तिच्या नावावर लागेल, नाही घेतलं तर तोकुनागांचं एक तयार असू द्या. म्हणजे मालिका सुरू होताना पडद्यावर जी नावं येतात त्यांत यंत्राच्या आराखड्यापुढे माझं नाव. माझ्या रेषा सहा वर्षं टीव्हीवर दिसत होत्या, नाव एकदाही दिसलं नव्हतं. ओकायामाला माझी आई दर आठवड्याला ती नावं वाचायची आणि फोनवर म्हणायची, "या वेळी फार भरभर गेली गं, सुटलं असेल माझ्या नजरेतून."

मी कामाला लागले ते रेषा मोजूनच. तोकुनागासानांच्या मागच्या यंत्राला समोरून चारशे बारा रेषा होत्या. शिंगं, जाळ्या, खिळे, खाचा. दिसायचं देखणं, वादच नाही. पण त्या मालिकेत टोफूवाल्यांकडची दोन माणसं अर्ध्यातून निघून गेली. एकजण आओमोरीला मामाच्या सफरचंदाच्या बागेत गेला तो परत आलाच नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी ठरवलं, माझ्या यंत्रापायी कुणाचं मनगट सुजणार नाही. छाती गोल केली, खांदे गोल केले, डोक्यावर एकच काच, हातांच्या जागी दोन बंद मुठी, नुसत्या ठोकळ्यासारख्या. अठ्ठ्याऐंशी रेषा झाल्या. मी तीनदा मोजल्या. मग तोकुनागासानांनी बघितलं आणि बंब हे नाव पडलं.

भीती होती ती खेळण्यांच्या कंपनीची. मालिकेचा खर्च ती करणार, आणि तिच्या हामासुनासानांना दर यंत्राला एक तरी धारदार शिंग लागायचं. पण आराखडा बघायला आले तेव्हा हामासुनासानांनी बंब बराच वेळ उलटसुलट बघितला आणि मान डोलावली. म्हणाले, आमच्या घरची धाकटी चार वर्षांची आहे, हे तिलासुद्धा काढता येईल. झालं. इवाकिरीसानांनी स्वतःच्या वाट्याचा तांदळाचा पापड माझ्या बशीत ठेवला. आता राहिले टोफूवाले, आणि त्यांची मला काळजीच नव्हती. ज्यांच्यासाठी काढलं ते कशाला नाही म्हणतील?

आमच्याकडे पद्धत होती की पहिला आराखडा पोस्टाने पाठवायचा नाही. ज्याने काढला त्याने स्वतः न्यायचा, मिठाईच्या खोक्यासह. मी चेस्टनटची मिठाई घेतली आणि मंगळवारी सकाळी गेले. तोच जिना, तोच सोयाबीन उकडल्याचा वास. नेजिमेसान तिथले यंत्रांचे प्रमुख. सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. रागावले की ते माझ्या चित्रांचा गठ्ठा खिडकीबाहेर धरून उभे राहायचे. टाकला मात्र कधी नाही.

त्यांनी आराखडे एकेक करून बघितले, मागून बाकीचेही डोकावत होते. मग दोन्ही हातांनी नीट सारखे केले आणि म्हणाले, "कुवाबारासान, तुम्ही आमची फार काळजी घेतलीत. अतिशय सोयीचं आहे. आभारी आहोत."

तेरा वर्षांत हा माणूस मला कधी तुम्ही म्हणाला नव्हता. नेजिमेसानांना एखादी गोष्ट आवडली, की ते कपाळावर हात मारून घ्यायचे आणि हे कोण काढणार, कोणाचा बाप काढणार, म्हणून खोली डोक्यावर घ्यायचे. गोड बोलायचे ते फक्त नको असलेल्या माणसांशी, विमावाल्यांशी आणि वर्गणी मागायला आलेल्यांशी. मी वाकून नमस्कार केला आणि खाली उतरले. डोळ्यांपुढे पायऱ्या दिसत नव्हत्या.

मित्सुए मागोमाग धावत आली. बाहीवर पेन्सिलीचा काळा डाग, केसांत दुसरी पेन्सिल, सगळं तसंच. टोफूच्या दुकानापुढे तिने मला गाठलं.

"रडू नकोस, दुकानातली बाई बघतेय," ती म्हणाली.

"मी तुमच्यासाठी काढलं होतं गं. अठ्ठ्याऐंशी रेषा. तुझा हात वाचावा म्हणून."

"तेच तर. शिनो, तू आमची कीव केलीस. वर सगळ्यांना पहिल्या पानावरच कळलं. कुणी बोललं नाही, पण कळलं."

"कीव कसली? तिथे किती दुखतं ते मला माहीत आहे."

"दुखतं ते दुखतंच. तुझ्या बंबानेही दुखेल, वर्षभर ठोकळे काढून. दुखायचंच असेल तर कशासाठी तरी दुखू दे ना. तू सात वर्षं इथे का राहिली होतीस? रेषा कमी होत्या म्हणून?"

तिने माझ्या हातातलं रिकामं कापडी फडकं, मिठाईचं खोकं बांधून आणलेलं, घडी घालून माझ्या पिशवीत कोंबलं आणि ती वर निघून गेली.

स्टुडिओत परत येऊन मी इवाकिरीसानांना सांगितलं, की नेजिमेसान मला तुम्ही म्हणाले. एवढंच पुरलं. तोकुनागासानांनीसुद्धा या वेळी विनोद केला नाही. इवाकिरीसान कॅलेंडरकडे बघून म्हणाले की शुक्रवारी काहीतरी एक तिकडे गेलंच पाहिजे, माझं नाहीतर त्यांचं. म्हणजे तीन दिवस. मी विचारलं, त्यातला एक दिवस मी टोफूवाल्यांकडे जाऊन बसले तर चालेल का? त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, "डबा घेऊन जा, तिथे कुणी खायला विचारणार नाही."

बुधवारी सकाळी मी नेजिमेसानांपुढे उभी राहिले आणि एक दिवसाचं काम मागितलं. त्यांच्याकडे माणसं कायमच कमी. त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या मेजाकडे बोट केलं आणि दुसऱ्याच एका मालिकेतला गठ्ठा दिला. खालून दिवा लावलेली काच, तीन भोकांचे कागद, सगळं ओळखीचं. माणूस दार लावतो, एवढंच मधलं काम होतं. पाचव्या चित्राला मनगट बोलायला लागलं, आठव्याला ओरडायला. पण बोटांना सवय होती. डाव्या हाताच्या बोटांत चार कागद धरून फडफडवत बघायचं, दार हलतंय का. हलत होतं. दार हललं की अजूनही मला आतून तसंच उकळी फुटल्यासारखं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

दुपारी सगळे डबे उघडून बसले. तिथला नियम असा, की कोपऱ्यातल्या मेजावर बसेल त्याने कचऱ्याची टोपली खाली नेऊन रिकामी करायची. मी टोपली उचलली आणि जिन्यातच थांबले. वरच्या फेकलेल्या कागदाच्या कडेला एक हात काढलेला होता. माणसाचा साधा हात, काहीतरी उचलताना. त्याच्याखालच्या कागदावर आणखी एक हात, मूठ वळलेला. मी टोपली पायरीवर उपडी केली. विसेक कागद तरी निघाले, वेगवेगळ्या माणसांचे, आणि बहुतेकांच्या कडांना हात. पेन्सिलीचं टोक तपासता तपासता, चहाची वाट बघता बघता काढलेले. सगळे डावे. मेजावर बसलेल्या चित्रकाराला फुकटात मिळणारा नमुना तोच, कारण उजव्यात पेन्सिल असते. दोन-तीन उजवे हात निघाले ते खोलीतल्या एकुलत्या एका डावखुऱ्याचे.

मी पायरीवर बसले. मीही काढायचे. सात वर्षं, रोज. दिवसभर ठरवून दिलेल्या रेषा ओढून झाल्या की कडेला एक हात काढायचे, कारण तो कुणी सांगितलेला नसायचा. आणि यांच्यासाठी यंत्र काढायला बसले तेव्हा मी त्याला हातच दिले नव्हते. दोन ठोकळे दिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वर वळसा घातल्याची केवढी घमेंड. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. टोपली भरून मी खाली नेली, दाराची उरलेली चित्रं पूर्ण केली आणि घरी जायच्या आधी स्टुडिओत गेले.

बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारचा दिवस एवढाच वेळ मिळाला. बंबाचं अंग मी आणखी पुसलं. छातीवरची पट्टी काढली, गुडघ्यांवरच्या वाट्या काढल्या. एकोणसाठ रेषा उरल्या. अंडं म्हणा हवं तर. आणि त्याला दोन हात दिले, प्रत्येकी अठ्ठावीस रेषांचे. पाच बोटं, प्रत्येक बोटाला पेर, पेरांत सांधा, तळव्यावर गादी. स्वतःचा डावा हात समोर धरून डावा काढला आणि उजवा त्याचा आरसा केला. एकूण एकशेपंधरा.

इवाकिरीसानांनी शेगडीजवळ उभं राहून ते बघितलं.

"हे हात कशाला?"

"माणसं वाचवायला, मालक. मुठीने माणूस धरता येत नाही, चिरडला जाईल."

"मग आधी का नव्हते?"

"आधी मला दया आली होती."

त्यांनी हुंकार दिला आणि मला स्वतः चहा ओतून दिला. तोकुनागासान मागून वाकून बघत होते. "बंबाला सोनाराचे हात," ते म्हणाले. मग निळी पेन्सिल उचलली, माझी परवानगी मागितली, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक खाच जरा खाली सरकवली. म्हणाले, नाहीतर अंगठा तळव्यावर यायचाच नाही, नुसता शोभेला राहील. त्यांचं अगदी बरोबर होतं. ज्या माणसाचं यंत्र माझं पडलं तर जाणार होतं, त्याने ते सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांना माझ्या यंत्राला बंब म्हणायची मुभा दिली.

हामासुनासान फोनवर कुरकुरले. एवढी बोटं खेळण्यात कशी बसवायची, पोरं मोडतील. इवाकिरीसान फोनवरसुद्धा वाकून नमस्कार करत होते. शेवटी ठरलं, की खेळण्याला मूठच राहील आणि खोक्यात एक उघडा हात वेगळा टाकायचा, मूठ काढून तो बसवता येईल असा. हामासुनासानांना मग ती कल्पना त्यांचीच वाटू लागली, आणि आम्ही ती तशी वाटू दिली.

शुक्रवारी सकाळी मूळ आराखडा पिशवीत ठेवून, त्याच्या प्रती हातात घेऊन मी पुन्हा तो जिना चढले. नेजिमेसानांनी अंगाचा कागद बघितला, मग हातांचा बघितला. मान वर न करता म्हणाले, "थांबा जरा." थांबा. थांब नव्हे. ते कागद घेऊन ते आतल्या खोलीत गेले आणि दार लागलं.

मी बाहेरच्या बाकावर बसले. आईला फोनवर काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करायला लागले, की या वर्षीही नावं भरभरच जातील. अर्धा तास गेला, पाऊण गेला. खाली टोफूच्या दुकानातल्या बाईने दुपारपुरती दाराला फळी लावली. शेवटी दार उघडलं आणि नेजिमेसान कपाळावर हात मारत बाहेर आले.

"वेड लागलंय का तुला, कुवाबारा? ही बोटं कोण काढणार? माझी आजी? पाच बोटं, पाचांचे सांधे, आणि दर आठवड्याला! आत चौघांची भांडणं लागली आहेत, आधी कोण काढणार म्हणून. काम बंद पडलंय सगळं."

त्यांनी माझ्या मांडीवर बारा कागद टाकले. मी ते डाव्या बोटांत धरले आणि फडफडवले. बंबाची मूठ उघडली. आधी करंगळी सुटली, मग तिच्यामागून एकेक बोट, शेवटी अंगठा जरा घुटमळला आणि बाजूला झाला. तळव्यावर काहीतरी नाजूक आहे आणि ते सांडायला नको, असं ते उघडणं होतं. मी पुन्हा फडफडवले. माझं यंत्र हललं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तिसऱ्यांदा बघताना माझ्या ध्यानात आलं, की अंगठ्याखाली तळव्यावर एक छोटी तिरपी रेष आहे. मी तिथे काही काढलं नव्हतं. मी एकेक कागद उजेडात धरला. बाराही कागदांवर ती होती, अंगठा फिरेल तशी फिरत, आखूड होत, पुन्हा लांब होत. बारा वेळा कुणीतरी ती नीट मोजून ओढली होती.

मित्सुए दारात उभी होती.

"इथे एक रेष जास्त आहे," मी म्हटलं.

"आहे," ती म्हणाली आणि आपला डावा तळवा माझ्यापुढे धरला. अंगठ्याखाली पात्याने कापल्याचा जुना पांढरा व्रण होता. "नको असेल तर पुसते."

मी पिशवीतून मूळ आराखडा काढला, तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली, आणि बाकावरच कागद ठेवून बंबाच्या डाव्या हातावर ती रेष ओढली. मग खाली, माझ्या नावाशेजारी, आधी लिहिलेला एकशेपंधरा आकडा खोडून एकशेसोळा केला.